शेवटच्या दीड इंचाची करामत

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या पायदळाच्या खांद्यावर असलेली एम-१ गॅरंड रायफल आज जगभरच्या हौशी नेमबाजांची लाडकी म्हातारी आहे. वय झालं असलं तरी धडधाकट आहे. पथ्यपाण्याबाबत मात्र हट्टी. दुकानातलं दिसेल ते काडतूस तिला चालत नाही. म्हणून अमेरिकेत पुष्कळ जण रिकाम्या पुंगळ्या जमवतात, त्यांत दारू पेटवणारा नवा प्रायमर बसवतात, मोजून दारू ओततात, वर गोळी दाबतात आणि घरच्या टेबलावर तिच्यापुरती काडतुसं भरतात. या छंदात शिरलं की एक गोष्ट लगेच कळते. गॅरंडची दोस्ती गोळीपेक्षा गोळीमागच्या वायूशी जास्त आहे. त्या वायूच्याच या काही चटकदार हकिकती.

भोक, जेमतेम दोन मिलिमीटरचं

गॅरंडची नळी २४ इंचांची. तोंडापासून साधारण दीड इंच आत, नळीच्या खालच्या अंगाला दोन मिलिमीटरचं एक भोक आहे. गोळी त्यावरून पुढे सरकली की मागून येणारा तापलेला वायू भोकातून खालच्या सिलिंडरमध्ये घुसतो आणि पिस्टनला मागे ढकलतो. पिस्टनला जोडलेला लांब दांडा काडतुसामागचा अडसर, म्हणजे बोल्ट, उघडतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि स्प्रिंग दाबतो. मग स्प्रिंग सगळं परत पुढे नेताना नवं काडतूस आत सरकवते.

यातला निम्माशिम्मा चमत्कार वेळेचा आहे. गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ८५० मीटर, म्हणजे भोकापासून नळीच्या तोंडापर्यंतचा दीड इंच ती सेकंदाच्या वीसहजाराव्या भागात संपवते. गोळी बाहेर पडली की दाब कोसळतो. सगळी रायफल चालवणारा मुख्य धक्का एवढ्याच फटीत मिळवायचा.

हातभरणीवाल्यांची पंचाईत इथूनच सुरू होते. सावकाश जळणारी दारू वापरली तर गोळी भोकापाशी पोचते तेव्हाही मागे दाब तगडा असतो. चेंबरमधला सर्वोच्च दाब मर्यादेत, गोळीचा वेग झकास, निशाणा नेमका, आणि तरीही तो लांब दांडा दर गोळीला हातोडा बसावा तसा मार खातो. काडतूस निर्दोष असूनही रायफल जखमी होऊ शकते. दांडा मुळातच वाकडातिकडा घडवलेला, कारण त्याला नळीखालून निघून रिसीव्हरच्या उजव्या बाजूला यायचं असतं. जादा दाबाने तो आणखी वाकला की पंचाईत. महायुद्धातल्या दांड्यांना एका काटकोनी कोपऱ्यात तडे जात, म्हणून नंतर तिथे गोलाकार खाच घेतली गेली. जुनी गॅरंड विकत घेणारा जाणकार ती खाच आधी बघतो.

पाणगवत वाकलं

वायूचा असा उपयोग करायचं जॉन ब्राउनिंगचं डोकं चाललं, आणि तेही गवतामुळे. १८८९ साली युटामधल्या ऑग्डेनजवळ नेमबाजी चालू असताना त्याच्या लक्षात आलं, की प्रत्येक बाराबरोबर बंदुकीच्या तोंडापुढची रोपटी बाजूला फेकली जातात. एवढी ताकद फुकट जाते, याचं त्याला वाईट वाटलं. कारखान्यात जाऊन त्याने एक जडसा लोखंडी ठोकळा घेतला, गोळी जाण्यापुरतं भोक पाडलं, बंदुकीच्या तोंडासमोर धरला आणि बार काढला. ठोकळा उडून पलीकडे गेला. पुढचं काम म्हणजे त्या धक्क्याला वळण लावणं. एका विंचेस्टर रायफलच्या तोंडाशी त्याने झडप बसवली. वायू तिला ढकली आणि झडप यंत्रणा हलवी.

त्यातून कोल्टची १८९५ ची मशीनगन आली. तिच्या नळीखाली एक दांडा सतत खाली-वर झुलायचा आणि बंदूक जमिनीलगत मांडली तर माती उकरायचा. सैनिकांनी तिचं नाव ठेवलं ‘बटाटे खणणारी’. सैनिकांनी ठेवलेली नावं शस्त्रांना आयुष्यभर चिकटतात, तसं तेही चिकटलं.

ब्राउनिंगच्या आधीच, १८८७ साली, मेक्सिकोच्या मान्वेल मोंद्रागोनने आपल्या रायफलचं पेटंट घेतलं होतं. वायूवर चालणारी त्याची रायफल मेक्सिकन सैन्याने १९०८ मध्ये स्वीकारली. गंमत म्हणजे तिचं उत्पादन झालं स्वित्झर्लंडमध्ये, आणि पहिल्या महायुद्धात ती जर्मन वैमानिकांच्या हातात गेली.

प्रायमरच्या जोरावर चालणारी बंदूक

जॉन गॅरंड मूळचा कॅनडाचा. जन्म १ जानेवारी १८८८, क्वेबेकमधल्या सँ-रेमी गावचा. लहानपणीच कुटुंब अमेरिकेत आलं, तो कापडगिरणीत कामाला लागला आणि यंत्रांच्या सहवासात वाढला. १९१९ पासून स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात नोकरी.

त्याच्या पहिल्या रायफलीत वायूचं भोक नव्हतंच. काडतुसाच्या बुडातला प्रायमर बार उडताच किंचित मागे सरकतो, आणि तेवढ्या हालचालीवर तो बोल्ट उघडून दाखवायचा. कल्पना भन्नाट, पण पायाच परक्याच्या हातात. १९२० च्या दशकाच्या मध्याला सैन्याने दारू बदलली आणि प्रायमर पुंगळीत घट्ट चेपून बसवायला सुरुवात केली. प्रायमर हलेना, बंदूक चालेना. गॅरंड निमूटपणे वायूकडे वळला.

दुसरा धक्का १९३२ मध्ये. तोपर्यंत तो .२७६ इंच या छोट्या काडतुसावर रायफल बेतत होता. त्याच्या स्पर्धकाच्या, जॉन पेडरसनच्या, रायफलीला तर मेण लावलेली काडतुसं लागत. मेण नसेल तर पुंगळी चेंबरमधून सुटायला कुरकुरायची. पण सेनाप्रमुख डग्लस मॅकार्थरने हुकूम सोडला, की गोदामांत .३०-०६ चा ढीग पडला आहे, रायफल त्याच काडतुसाची करा. गॅरंडने केली. दहाऐवजी आठ काडतुसं मावू लागली, हा त्याचा हिशेब. १९३६ मध्ये एम-१ अधिकृतपणे स्वीकारली गेली आणि पुढे चाळीस लाखांच्या आसपास रायफली एकट्या महायुद्धात बनल्या.

पेटंटचे हक्क गॅरंडने सरकारला देऊन टाकले होते. त्याला एक लाख डॉलर बक्षीस द्यावं असं विधेयक अमेरिकन काँग्रेसमध्ये आलं, पण मंजूर झालं नाही. तो पगारदार म्हणून आला आणि पगारदार म्हणूनच निवृत्त झाला. बर्फावर घसरण्याचा त्याला इतका शौक, की घरातल्या खोलीत पाणी गोठवून त्याने रिंगण केलं होतं, असं सांगतात. खरं असेल तर त्याच्या बायकोला पदक द्यायला हरकत नव्हती.

जरा जास्तच चांगली गोळी

पहिल्या महायुद्धात अमेरिकन लष्कराचा समज होता, की त्यांची १५० ग्रेनची गोळी ४,७०० यार्ड जाते. प्रत्यक्षात ती ३,४०० यार्डांच्या आसपासच दम तोडते, हे युद्धात उघड झालं. म्हणून मागून निमुळती होत जाणारी, सुमारे १७३ ग्रेनची नवी गोळी आली. ती सहज पाच हजार यार्डांपलीकडे पोचू लागली, आणि नवीनच लफडं उभं राहिलं. सरावाची मैदानं तिला पुरेनात. मैदानाच्या हद्दीबाहेर गोळ्या पडण्याचा धोका म्हणून पुन्हा हलकी, सपाट बुडाची, सुमारे १५२ ग्रेनची एम-२ गोळी आणली गेली. मागे घेतलेलं हे पाऊलच दुसऱ्या महायुद्धातलं नेहमीचं काडतूस बनलं. आजही हातभरणी करणारा गॅरंडसाठी काडतूस बेततो ते या एम-२ च्या स्वभावाकडे बघून. गोळी फार जड नको, दारू फार सुस्त नको.

ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम. आपल्या सोनाराच्या गुंजेच्या साधारण अर्धं वजन. अशा ५० च्या आसपास ग्रेन दारूवर, म्हणजे तीन-सव्वातीन ग्रॅमवर, सगळी करामत चालते. छंदी माणसं ग्रेनच्या दहाव्या भागावरून तास-तास वाद घालतात. हा वाद ऐकायला मजा येते, घालायला मात्र चष्मा आणि संयम दोन्ही लागतात.

ग्रेनेडवाल्यांची देणगी

मग जड गोळी किंवा सुस्त दारू वापरायचीच असेल तर? सिलिंडरच्या पुढच्या टोकाला एक स्क्रू असतो. त्याच्या जागी फिरवता येणारी वाट असलेला स्क्रू बसवायचा आणि नको तेवढा वायू पुढच्या पुढे बाहेर सोडून द्यायचा. ही अक्कल आजची वाटते, पण तिचं मूळ महायुद्धातलं आहे. रायफलच्या तोंडावरून ग्रेनेड उडवायचा तर खास बिनगोळीचं काडतूस वापरत, आणि त्याचा धक्का यंत्रणेला झेपत नसे. म्हणून गॅरंडला झडपेचा स्क्रू दिला गेला. ग्रेनेडचा लाँचर बसवला की त्याची खुंटी झडप दाबून उघडी ठेवायची आणि वायू निघून जायचा. पहिल्या लाँचरमध्ये एक विनोद होता. तो बसवलेला असताना रायफल आपोआप भरायचीच बंद व्हायची. ग्रेनेड उडवला, समोर शत्रू दिसला, तर दर गोळीला हाताने बोल्ट ओढा! पुढच्या आवृत्तीत हे सुधारलं.

आजचा फिरता स्क्रू जुळवायची रीत अशी. आधी वाट इतकी मोकळी ठेवायची, की रायफल नव्या काडतुसावर पूर्ण चालतच नाही. मग थोडी थोडी आवळत जायची, जोवर ती न अडखळता पुंगळी फेकून पुढचं काडतूस उचलत नाही. वर चिमूटभर जास्त, कारण थंडी, काजळी आणि ओंगळ ग्रीस यांनाही आपला वाटा लागतो. वायू कमीत कमी, पण कामापुरता.

जुन्या रायफलीत आणखी एक गोम असते. नव्या पिस्टनचा व्यास ०.५२६ इंच, आणि तो ०.५२५ खाली गेला की बाद. इंचाचा हजारावा भाग फक्त! झिजलेल्या पिस्टनच्या बाजूने वायू निसटतो, रायफल मंद होते, आणि माणूस बिचाऱ्या दारूला शिव्या घालत बसतो.

विम्यावर कर्ज काढून दारूचं गोदाम

गॅरंडची आवडती दारू म्हणजे ४८९५. ड्यूपाँ कंपनीची ही दारू महायुद्धात एम-२ काडतुसांत भरली गेली. युद्ध संपलं आणि सरकारकडे तिचे डोंगर उरले. कॅन्ससच्या ब्रूस हॉज्डनने आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ती दारू घेतली आणि ठेवायला जागा नाही म्हणून भाड्याच्या कुरणात रेल्वेचा जुना डबा उभा केला. तिथून टपालाने हौशी नेमबाजांना विकू लागला. त्यातून उभी राहिलेली कंपनी आजही दारू विकते आणि तिच्या डब्यावर ४८९५ हाच आकडा आहे. छंदाचा बाजार असा सरकारी उरल्यासुरल्यावर उभा राहतो, आणि मला तर तो असाच आवडतो.

आकडे फिरवा, बंदूक चालवा

गॅरंडला कारखान्यातून फिरती चावी मिळाली नाही, इतरांना मिळाली. सोव्हिएत एसव्हीटी-४० रायफलचा वायुनियामक पाच बाजूंचा, आणि प्रत्येक बाजूचं भोक वेगळं: १.१, १.२, १.३, १.५ आणि १.७ मिलिमीटर. रशियन हिवाळ्यात तेल घट्ट झालं की मोठं भोक, उन्हाळ्यात छोटं. फिरवायला वेगळा पाना.

स्वीडनच्या एरिक एकलुंडची युंगमान रायफल पिस्टनच वापरत नाही. नळीतला वायू सरळ मागे फुंकला जातो. स्वीडिश लोकांनी तिला नियामक दिला नव्हता, कारण काडतुसं त्यांच्याच घरची, ठरलेल्या मापाची. पुढे यंत्रसामग्री इजिप्तला गेली, काडतूस ८ मिलिमीटरचं झालं आणि ‘हकीम’ नावाच्या त्या रायफलवर नियामक बसवला गेला. हातभरणीवाल्यांना हकीम आवडते, ती याचसाठी.

सर्वांत जवळची ओळख मात्र आपल्या एसएलआरची. बेल्जियमच्या द्युदोने सैव्हच्या एफएएल रायफलचा हा भारतीय अवतार १९६२ च्या युद्धानंतर ईशापूरच्या कारखान्यात बनू लागला. सैन्यात, पोलिसांत आणि एनसीसीच्या शिबिरांत तो दशकानुदशके दिसला. या रायफलीच्या नळीवर आकडे असलेली फिरती चकती असते. मूळ एफएएलमध्ये वायू पुरेसा असेल तर शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे अडकून राहतो. म्हणून रीत अशी: चकती पूर्ण मोकळी ठेवायची, एकेक गोळी भरून बार काढत चकती एकेक घर आवळायची, बोल्ट मागे अडकू लागला की थांबायचं आणि वर दोन घरं शिलकीत ठेवायची. पटलं ना? गॅरंडच्या स्क्रूचीच रीत, फक्त कारखान्यातून आलेली. ज्या काडतुसांवर हे जुळवायचं, ती ७.६२ मिलिमीटरची काडतुसं जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या आयुध निर्माणीतून निघत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, आणि दारू बनवण्यात भंडाऱ्याचं नाव आहे. म्हणजे या विषयाचा अर्धा कच्चा माल महाराष्ट्रातलाच. आपल्याकडे सेमी-ऑटोमॅटिक रायफल खासगी माणसाला सहजासहजी बाळगता येत नाही, त्यामुळे हा छंद आपल्या बाजूला वाचण्यापुरता उरतो.

दारू बदलली आणि सगळंच बिघडलं

वायूवर चालणारी बंदूक आपल्या दारूशी किती घट्ट बांधलेली असते, याचा धडा अमेरिकेने फार महागात घेतला. यूजिन स्टोनरची एआर-१५, सैन्यातली एम-१६, ड्यूपाँच्या ४४७५ दारूवर बेतलेली होती. वायू एका बारीक नळीतून सरळ बोल्टच्या वाहकात. सैन्याने गोळीचा वेग सेकंदाला ३,२५० फूट हवाच असा आग्रह धरला. तो दाबाच्या मर्यादेत राहून ४४७५ कडून हमखास निघेना. १९६४ मध्ये गोल कणांच्या डब्ल्यूसी ८४६ या दारूला परवानगी मिळाली.

नवी दारू वाईट नव्हती. वेगळी होती, एवढंच. वायुभोकापाशी तिचा दाब जास्त, म्हणून मारा वेगवान झाला आणि सुटे भाग लवकर झिजू लागले. तिच्यातलं कॅल्शियम कार्बोनेट वायूच्या नळीत साचू लागलं. त्यातच या बंदुकीला साफसफाई फारशी लागत नाही अशी समजूत पसरली, सफाईचं साहित्य पुरेसं पोचलं नाही, आणि चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता. व्हिएतनामच्या ओलसर जंगलात रायफली अडकू लागल्या. सैनिकांची पत्रं घरी, घरून काँग्रेसमध्ये. १९६७ मध्ये खासदार रिचर्ड आयकॉर्डच्या उपसमितीने चौकशी केली आणि सैन्याचा निष्काळजीपणा गुन्ह्याच्या सीमेवर जातो असं नोंदवलं. पुढे क्रोमचा मुलामा आला, धक्का झेलणारा बफर बदलला, दारूतलं कॅल्शियम कार्बोनेट कमी केलं. बंदूक तीच, पण आता तिच्याशी दारूचं पटू लागलं.

गॅरंडचा वारस एम-१४ याबाबत हुशार निघाला. त्याचा पिस्टन पोकळ आहे. भोकं जुळलेली असतात तोवर वायू आत भरतो, पिस्टन हलला की भोकं सरकतात आणि वायूचा पुरवठा आपोआप बंद. पोट भरलं की ताटावरून उठणारा माणूस दुर्मीळ, तसंच बंदुकीचंही.

चिल्लर, पण खणखणीत

गॅरंडला तेल नाही, ग्रीस आवडतं. पावसात तेल धुऊन जातं, म्हणून ग्रीसची छोटीशी डबी दस्त्यातच ठेवली जाई.

सिलिंडर स्टेनलेस स्टीलचा, त्यावर काळा लेप नीट बसत नसे. रंग उडून चमकणारा सिलिंडर हा जुन्या गॅरंडचा ओळखीचा डाग.

बोल्ट फटकन पुढे येऊन अंगठा चेचतो, त्याला सैनिक ‘एम-१ अंगठा’ म्हणत. आठवी गोळी सुटली की काडतुसं धरणारी रिकामी क्लिप ‘टिंग’ करून उडते. तो आवाज ऐकून शत्रू तुटून पडायचा, ही दंतकथा लोकप्रिय आहे, पण शेजारी सात-आठ रायफली धडाडत असताना ‘टिंग’ कोण ऐकणार?

फायरिंग पिन स्प्रिंगविना मोकळी हलते. बोल्ट पुढे आदळताना ती प्रायमरला हलकेच टोचते. म्हणून हातभरणीवाले कडक लष्करी प्रायमर शोधतात, आणि तो पुंगळीच्या पातळीपेक्षा किंचित आतच बसवतात.

एम-१ कार्बाइनचा आखूड पिस्टन चार मिलिमीटरही हलत नाही, तरी सगळं काम करतो. त्यामागची कल्पना नॉर्थ कॅरोलायनाच्या डेव्हिड विल्यम्सची, आणि ती त्याला तुरुंगात असताना सुचली. तिथल्या कार्यशाळेत तो बंदुका घडवायचा! १९५२ मध्ये त्याच्यावर चित्रपट निघाला, भूमिकेत जेम्स स्टुअर्ट.

१९५० च्या दशकात गॅरंडचं कंत्राट ट्रॅक्टर बनवणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टरलाही मिळालं. अण्वस्त्रांच्या भीतीने कारखाने देशभर विखरून ठेवायचे होते, म्हणून इंडियानातल्या एव्हान्सव्हिलमध्ये हे काम गेलं. त्याच कंपनीशी १९६३ मध्ये भागीदारी करून महिंद्राने ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली, मुंबईच्या कांदिवलीत.

बिघडलेली वस्तू महाग

सुरुवातीच्या सुमारे ५०,००० गॅरंडना तर नळीत भोकच नव्हतं. शस्त्रखात्याला नळीला भोक पाडण्याची धास्ती होती, म्हणून गॅरंडने नळीच्या पुढे एक टोपण बसवलं. गोळी नळीबाहेर पडल्यावर टोपणाच्या पोकळीत वायू अडवायचा आणि मग वळवायचा. टोपणात काजळी साचे, ते ढिलं होई, संगिनीचा आधार डळमळे. १९४० च्या सुमाराला मंडळी हरली आणि साधं भोक पाडलं गेलं. जुन्या रायफली शस्त्रागारात परत आल्या की नव्या पद्धतीत बदलल्या जात, त्यामुळे मूळ टोपणवाली रायफल आज फार थोड्यांच्या संग्रहात आहे. ज्यांना ती परवडत नाही ते नकली टोपण विकत घेऊन आपल्या चांगल्या चालत्या गॅरंडला जुनं रूप देतात. म्हणजे गॅरंडने मोठ्या मुश्किलीने सुटका करून घेतलेली डोकेदुखी पुन्हा पैसे मोजून विकत आणायची. असल्या रायफलीसाठी काडतूस भरायचं कसं, हा प्रश्न त्यांच्या संग्रहात बहुधा येत नाही, कारण ती भिंतीवर असते.